खूण पटली का?

चाकणमधल्या कुठल्याही क्वालिटी इंजिनिअरसमोर ‘पीपीएपी’ म्हणा, त्याला घाम फुटतो. प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस, म्हणजे नवा पार्ट मंजूर करून घेण्यासाठी गिऱ्हाइकाला द्यायचं कागदांचं बाड. जपानमध्येही पीपीएपी नावाचा एक प्रकार आहे, पण तो वेगळा. पासवर्ड लावलेली झिप फाइल एका मेलनं पाठवायची आणि तिचा पासवर्ड लगेच दुसऱ्या मेलनं, त्याच पत्त्यावर. तिथल्या एका सुरक्षा-सल्लागारानं ह्या राष्ट्रीय सवयीला एका गाजलेल्या विनोदी गाण्याची आद्याक्षरं चिकटवली आणि थट्टेचं नाव रूढ झालं. २०२०च्या नोव्हेंबरात तिथले डिजिटल सुधारणा मंत्री ताकुया हिराई यांनी सरकारी कार्यालयातून हा प्रकार बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण शाळकरी पोरालाही कळेल असं होतं. ज्याला पहिला मेल वाचता येतो, त्याला दुसराही वाचता येतो.

आपल्याकडे असं काही कोणी जाहीर केलेलं नाही. भोसरीपासून मोशी, चाकण, म्हाळुंग्यापर्यंत आजही ड्रॉइंगं अशीच जातात. ‘पासवर्ड इन नेक्स्ट मेल.’ जरा प्रगत मंडळी ‘पासवर्ड म्हणजे तुमच्या जीएसटी नंबरचे शेवटचे सहा’ असं लिहितात. तो जीएसटी नंबर त्याच मेलच्या सहीखाली छापलेला असतो.

हा लेख मेलवरून किल्ल्या पाठवण्याच्या ह्या आपल्या पद्धतीविरुद्ध आहे. पण त्याहून जास्त तो माझ्याच व्यवसायातल्या दोन जमातींविरुद्ध आहे. ‘युजर मूर्ख आहे’ म्हणून हात झटकणारे इंजिनिअर ही एक, आणि सुरक्षेच्या नावाखाली लहान कारखानदाराकडून कागद गोळा करणारी मोठ्या कंपन्यांची खरेदी खाती ही दुसरी.

आधी थोडं तंत्र. तुमच्यापैकी निम्म्यांनी इंजिनिअरिंगच्या सातव्या सेमिस्टरला हे पाठ करून विसरलेलं असेल. ‘पब्लिक की’ हे नावच घोळाचं आहे. तिला किल्ली म्हटलं की लोक ती लपवायला जातात. खरं तर ते उघडं कुलूप आहे. मी माझी हजार कुलपं गावभर वाटून ठेवतो. तुम्हाला मला काही पाठवायचं असेल तर पेटीत घाला, माझं कुलूप दाबून बंद करा आणि द्या सोडून. उघडणारी किल्ली, म्हणजे ‘प्रायव्हेट की’, फक्त माझ्याकडे. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ही कल्पना जगापुढे मांडली. त्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक जाहीर वही होती. नाव शोधा, कुलूप घ्या.

गोची त्या वहीतच आहे. माझ्या नावापुढे मी ठेवलेलंच कुलूप आहे, की रात्रीत कोणी आपलं लटकवून गेलाय, हे तुम्हाला कसं कळणार? चोराचं कुलूपही तितकंच मजबूत असतं. तुम्ही पेटी नीट बंद कराल, गणित एका बिटानं चुकणार नाही, आणि पेटी चोर उघडेल. मग तो आतलं वाचून, हवं तर बदलून, माझं खरं कुलूप लावून मला पुढे पाठवेल. मला किंवा तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी काढलं, तेव्हा हे शस्त्र पहिल्यांदा सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर आलं. शस्त्र हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली अमेरिकन सरकारनं त्यांची १९९३पासून चौकशी केली आणि १९९६च्या जानेवारीत ती सोडून दिली. कुलपं वाटायला वह्या हव्या होत्या, त्यातून की-सर्व्हर आले. आणि ते मेलवर चालत. ब्राउझर ही चीज तेव्हा बाल्यावस्थेत होती. पुष्कळांकडे मेल यायचा-जायचा, बाकी इंटरनेट नसायचं. आपल्याकडे तर विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेच १५ ऑगस्ट १९९५ला. तर, सर्व्हरच्या पत्त्यावर मेल टाकायचा. विषयाच्या ओळीत ‘अ‍ॅड’ लिहून खाली आपली की चिकटवली की ती वहीत चढे. ‘गेट’ आणि समोरच्याचं नाव लिहिलं की थोड्या वेळानं उत्तरी मेलमधून त्याची की येई. ‘इंडेक्स’ म्हटलं की यादी. सर्व्हर एकमेकांनाही मेल पाठवून नव्या कीज कळवत. एमआयटीचा सर्व्हर त्यातला सर्वांत नावाजलेला.

मला ह्या यंत्रणेबद्दल प्रेम आहे. आजच्या चकचकीत अ‍ॅपांपेक्षा ती एका बाबतीत प्रामाणिक होती. तिच्या मदतीच्या मजकुरातच बजावलेलं असे की, हा सर्व्हर कीज पोचवायला मदत करतो. की खरी आहे याची हमी देत नाही. हमी तुमची तुम्ही मिळवायची. प्रत्येक कीचा एक छोटा ठसा निघतो, चाळीस अक्षर-आकड्यांचा. इंग्रजीत त्याला फिंगरप्रिंट म्हणतात, मी खूण म्हणणार आहे, कारण मराठीत ‘खूण पटणे’ हा वाक्प्रचार ह्याच कामासाठी आधीपासून तयार आहे. समोरच्याला फोन करा, भेटा, त्याच्याकडून खूण वाचून घ्या, आपल्याकडची जुळवा. जुळली की की खरी. मग हवं तर तिच्यावर तुमची सही करा, म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्या तिसऱ्यालाही भरवसा. ह्याला ‘वेब ऑफ ट्रस्ट’ म्हणत.

आपल्या पूर्वजांना हे शिकवावं लागलं नसतं. मारुती अशोकवनात पोचला तेव्हा सीतेला पहिला संशय आला तो हा रावणच वेष पालटून आलेला नाही ना. मग त्यानं रामाची अंगठी दाखवली, आणि परत जाताना तिच्याकडून चूडामणी घेतला, म्हणजे रामाचीही खूण पटावी. दोन्ही बाजूंची पडताळणी, निरोपाच्या रस्त्याहून वेगळ्या रस्त्यानं. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज नुसता ‘मंजुरी’ या अर्थानं उडवतो. मराठेशाहीतल्या पत्रात माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब. पत्र कोणाचं ते शिक्का सांगे, आणि त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये याची तजवीज मोर्तब करी. डिजिटल सही नेमक्या ह्याच दोन गोष्टी करते.

तर मूळ पद्धत अशी होती: की कुठूनही घ्या, खूण दुसऱ्या वाटेनं पटवा. मग लोकांनी पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा सोडून दिला. चाळीस अक्षरं कोण जुळवतं? शेवटची आठ जुळवू. २०१४ साली दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की शेवटची आठ अक्षरं हुबेहूब जुळणारी खोटी की साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनते. पुढे अशा खोट्या कीज खरोखरच सर्व्हरांवर चढलेल्या सापडल्या. आणि २०१९च्या जूनमध्ये वहीच कोसळली. कोणीही कोणाच्याही कीवर सही करू शकतो, आणि सर्व्हरवर गेलेलं काहीच पुसता येत नाही, ह्या दोन जुन्या नियमांचा फायदा घेऊन कोणीतरी रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर ह्या पीजीपीच्याच दोन जुन्या कार्यकर्त्यांच्या कीजवर कचरा-सह्यांचा असा ढीग लावला, की त्या कीज उतरवून घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर गुदमरून जाई. दोन वर्षांत त्या सर्व्हरांचं मुख्य जाळं बंद पडलं.

त्याच महिन्यात नवा सर्व्हर आला, कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग. तो इतरांच्या सह्या वाटत नाही, आणि नाव-पत्त्यावरून तुमची की शोधता यावी असं वाटत असेल तर आधी तुमच्या पत्त्यावर मेल पाठवून खात्री करतो. तुम्ही लिंकवर टिचकी मारली की झालं. कचऱ्यावर हा चांगलाच उपाय आहे. पण इथे ‘खात्री’ कशाची झाली ते नीट बघा. तो मेलबॉक्स ज्याला वाचता येतो, त्यानं ही की दिली, एवढ्याचीच. मेलबॉक्स तुमच्याऐवजी चोर वाचत असेल तर? मग चोराची की ‘खात्रीशीर’ होते. मेल सुरक्षित करायला की हवी, आणि की खरी ठरवायला मेल. घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, आणि वर पायपुसणं चोरीला जाऊ नये म्हणून ते घरात कुलूपबंद करायचं, असा हा प्रकार.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपल्या पट्ट्यात या.

माझं काम कारखान्यांच्या ईआरपीला बँकेच्या सर्व्हरशी जोडण्याचं. महिनाअखेरीला पगाराची आणि व्हेंडर पेमेंटची फाइल तयार होते, पीजीपीनं बंद होते आणि बँकेकडे जाते. म्हणजे बँकेचं उघडं कुलूप आमच्याकडे हवं आणि आमचं बँकेकडे. हे कुलूप कसं येतं? रिलेशनशिप मॅनेजरच्या मेलमधून, अटॅचमेंट म्हणून. ‘काइंडली फाइंड अटॅच्ड.’ एका बँकेच्या बाबतीत मी फोन करून म्हटलं, “मॅडम, कीचा फिंगरप्रिंट तुमच्या टेक टीमकडून फोनवर वाचून मिळेल का?” त्या म्हणाल्या, “सर, बायोमेट्रिक नाही लागत ह्याला.” त्यांचा काही दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. मग टेक टीमचा मेल आला. त्यात खूण होती. ती मेलनंच आली होती, त्याच धाग्यात. चार दिवस मागे लागल्यावर एक माणूस फोनवर आला आणि वाचून दाखवायला त्याला एक मिनिट लागलं. एक मिनिट. चारशे कामगारांचा पगार ज्या कुलपात जातो त्यासाठी. आमच्याच प्रोजेक्ट मॅनेजरनं नंतर मला विचारलं की हे चार दिवस टाइमशीटमध्ये कुठे दाखवायचे.

आता फसवणूक. ह्या पट्ट्यात ती कशी होते ते पोलिसांच्या सायबर विभागाला तोंडपाठ असेल. कोणाच्या तरी मेलबॉक्सचा पासवर्ड फुटतो. भामटा काही करत नाही, नुसता वाचत बसतो. महिना, दोन महिने. कोणाचं बिल कधी निघतं, कोण कोणाला ‘सर’ म्हणतं, कोण ‘भाऊ’, पेमेंटची तारीख कोणती. मग योग्य दिवशी त्याच धाग्यात एक मेल येतो: आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, ह्या वेळी ह्या खात्यावर टाका. सोबत लेटरहेड, शिक्का, सगळं. माझ्या ओळखीच्या एका भोसरीतल्या कारखानदाराचा परदेशी मशीनचा अ‍ॅडव्हान्स असाच गेला. मी त्यांना काका म्हणतो. ते सांगत होते, “अरे, मेल त्याच्याच पत्त्यावरून आला होता. स्पेलिंगसुद्धा तपासलं मी.” खरंच तपासलं होतं त्यांनी. विक्रेता म्हणाला, मला पैसे मिळाले नाहीत. बँक म्हणाली, तुम्हीच सूचना दिली. काकांचा हप्ता चालू आहे, मशीन आलेलं नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, मेल सोडा, व्हॉट्सअ‍ॅप वापरा, तो एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड आहे. २०१६च्या एप्रिलपासून आहे, बरोबर. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, आदर पूनावाला यांच्या नावानं: अमुक खात्यांवर पैसे पाठवा. १ कोटी १ लाखाहून थोडे जास्त रुपये गेले. जगात सर्वांत जास्त लशी बनवणारी कंपनी, कमकुवत एन्क्रिप्शनची तक्रार करायला जागा नाही. तो निरोप वाटेत कोणी वाचू शकत नव्हतं. भामट्यापासून संचालकापर्यंत तो अगदी गुप्तपणे, अबाधित पोचला. कुलूप उत्तम होतं. प्रश्न फक्त कुलूप कोणाचं, एवढाच होता.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये खूण पटवायची सोय आहे, हे इथे सांगायलाच हवं. चॅटमध्ये समोरच्याच्या नावावर दाबा, ‘एन्क्रिप्शन’ उघडा, साठ आकडे आणि एक क्यूआर कोड दिसेल. लेख वाचताना हात मोकळा असेल तर आत्ताच बघा. तुमच्या आईबरोबर, बँकवाल्याबरोबर, बॉसबरोबर ते आकडे तुम्ही कधी जुळवलेत? मी ऑफिसात विचारलं. बावीस जणांच्या टीममध्ये, सगळे इंजिनिअर, मी धरून दोघांनी.

ह्यावर माझ्या व्यवसायातलं लाडकं उत्तर म्हणजे लोक आळशी आहेत. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी एक प्रयोग केला. मेल वापरण्यात सराईत अशा बारा जणांना दीड तास देऊन पीजीपी ५.० वर एक गुप्त मजकूर पाठवायला सांगितला. फक्त चौघांना तो नीट सही करून, बंद करून पाठवता आला. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. ह्या निबंधाचं नाव ‘जॉनीला एन्क्रिप्ट का करता येत नाही’. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ ‘जॉनी ढ आहे’ असा लावला. निबंध मात्र सांगत होता की ज्यानं सॉफ्टवेअर बनवलं त्यानं जॉनीचा विचारच केला नाही. पंचवीस वर्षं होऊन गेली, आमची जमात अजूनही कॉन्फरन्समध्ये ‘पीजीपी मेलं’ म्हणून टाळ्या घेते आणि मग ‘पासवर्ड इन नेक्स्ट मेल’ लिहिते. मेलं असेल, पण तुमच्या पगाराची फाइल अजून त्याच मढ्याच्या खांद्यावरून जाते.

आणि ‘वेब ऑफ ट्रस्ट लोकांना जमलं नाही’ हे तर मला ह्या पट्ट्यात राहून मुळीच पटत नाही. इथला सगळा धंदा त्यावरच उभा आहे. भंगार घ्यायला जा, तळवड्यात गाळा भाड्यानं घ्यायला जा, पहिला प्रश्न ‘कोणाकडून आलात?’ हीट ट्रीटमेंटवाला नव्या माणसाचा जॉब उधारीवर घेत नाही, पण ‘शिंदेशेठनी पाठवलंय’ म्हटलं तर घेतो, आणि मागाहून शेठना एक फोन टाकून खातरजमाही करतो. ही कीवर केलेली सही आहे. पडताळणीसकट. ज्या समाजाचा श्वासच ओळखीवर चालतो, त्याला ‘ओळखीचं गणित’ जमत नाही असं म्हणणं हा आमच्या जमातीचा उद्दामपणा आहे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या कागदावर ते कोणी आणलंच नाही.

सरकारनं आणलं, पण कसं ते पाहा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या तिसऱ्याच कलमात डिजिटल सहीसाठी हेच दोन किल्ल्यांचं गणित लिहून ठेवलंय. वर कंट्रोलर, त्याखाली परवानाधारक सर्टिफाइंग अथॉरिटी, म्हणजे सीए. पण आपल्याकडे सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, आणि ह्या पट्ट्यात हा गोंधळ अक्षरशः खरा ठरलाय. प्रत्येक लहान कंपनीच्या डायरेक्टरचा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन त्याच्या सीएच्या ड्रॉवरमध्ये असतो. रबरबँड लावलेली वीस-तीस टोकनं, प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर कंपनीचं नाव आणि खाली पिन. रिटर्न भरायचं, कंपनी खात्याचा फॉर्म भरायचा, टेंडर भरायचं, की ऑफिसातला आर्टिकलशिपचा मुलगा ड्रॉवर उघडतो. देशव्यापी, कायदेशीर, महागडी यंत्रणा. आणि जी किल्ली फक्त मालकाकडे असावी असं अख्खं गणित सांगतं, ती चिंचवडच्या एका ड्रॉवरमध्ये. त्या सीएला किंवा त्या मुलाला मी बोल लावत नाही. पोर्टलं अशी बनवलीत की मालकानं स्वतः सही करायची म्हटली तर जावाचं कुठलं व्हर्जन हवं इथपासून त्याचा दिवस जातो.

वरच्या टोकाला तरी सगळं ठीक असतं असं नाही. २०१४च्या जुलैत गुगलला आढळलं की आपल्याच राष्ट्रीय सूचना केंद्राच्या, एनआयसीच्या, सर्टिफाइंग अथॉरिटीकडून गुगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालीत. कंट्रोलरनं एनआयसीची सर्टिफिकेटं रद्द केली. म्हणजे वही सरकारी असली म्हणून खोटं कुलूप लटकत नाही असं नाही. आणि २०१५च्या सप्टेंबरमध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला, त्यात काय होतं? नागरिकांनी आपले निरोप उघड्या रूपात नव्वद दिवस सांभाळून ठेवावेत, मागितले की द्यावेत. ओरड झाली, २२ तारखेला मसुदा मागे घेतला. कुलपाबद्दल सरकारचं कुतूहल ते उघडण्यापुरतंच. ते खरं कोणाचं, हे लोकांना कसं कळावं, यावर एक ओळ नाही.

आता खरेदी खात्यांकडे येतो.

जर्मन वाहन उद्योगानं २०१७पासून टिसॅक्स नावाची माहिती-सुरक्षेची तपासणी आणली. पुरवठादारानं ती करून घ्यायची. आपल्या पट्ट्यात ती आता टिअर-टू पर्यंत झिरपते आहे. प्रश्नावलीत एन्क्रिप्शनचा भाग आहे. त्यासाठी पॉलिसीचा कागद लागतो, तो कन्सल्टंट देतो, कंपनीचं नाव बदलून. मी तपासणीच्या विरोधात नाही. ड्रॉइंग हे कारखान्याचं पोट आहे, ते जपायलाच हवं. मोठ्या कंपन्या आपसात ओएफटीपी-२ सारखे पक्के मार्ग वापरतात, तिथे सर्टिफिकेटांची देवाणघेवाण ठरलेली असते. पण तो रस्ता जिथे संपतो तिथून पुढे, दहा मशीनवाल्या गाळ्यापर्यंत, जीमेल आणि झिप. आणि ह्या शेवटच्या टप्प्यावरची जोखीम कोणाच्या माथी? गाळेवाल्याच्या. ड्रॉइंग फुटलं तर करारातलं कलम त्याच्यावर. खोट्या खात्यात पैसे गेले तर ‘आम्ही पेमेंट केलं’ म्हणून खरेदीदार मोकळा. लहान उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत द्या असं २००६चा कायदा सांगतो. ते मिळवायलाच जो फेऱ्या मारतो, तो खातं खोटं निघाल्यावर कोणाशी भांडणार?

आणि ज्यांच्या हातात उपाय आहे ते हेच खरेदीदार आहेत. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी कामाच्या निमित्तानं बरेच वेळा भरलाय. अग्निशामक किती, शौचालयं किती, कॅन्टीनला परवाना आहे का, सगळं विचारतात. ‘तुमच्या कीची खूण काय’ हा रकाना मी एकाही फॉर्मवर पाहिलेला नाही. ‘आमच्या कीची खूण ही’ असं परचेस ऑर्डरवर छापलेलं तर नाहीच नाही. पीओच्या मागे बारीक अक्षरात पान-दीड पान अटी छापतात, त्यात चाळीस अक्षरांना जागा नाही? भारत सरकारची सर्ट-इन आपल्या पीजीपी कीची खूण जाहीर करते, जगभरच्या सुरक्षा-टीम करतात. ही काही अंतराळविद्या नव्हे.

माझी मागणी फार छोटी आहे. की मेलनं पाठवा, सर्व्हरवर टाका, वेबसाइटवर ठेवा, मला हरकत नाही. कुलूप उघड्यावरून आलं तरी चालतं, हीच तर ह्या गणिताची कमाल. खूण मात्र मेलनं पाठवू नका. ती पीओवर छापा, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापा, गेटवर जिथे कंपनीचं नाव आणि फॅक्टरी अ‍ॅक्टचे बोर्ड आहेत तिथे एक पट्टी लावा. मटेरियल घेऊन आलेला टेम्पोवाला तिचा फोटो काढून नेईल. खातं बदललं तर त्या सूचनेवर जुन्याच कीची सही हवी, आणि ती नसेल तर आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन; मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. बस. ह्यात नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. म्हणूनच बहुधा कोणी ते विकायला येत नाही.

चोरांचं एक मात्र मानलं पाहिजे. २०२१मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. त्या विशिष्ट हल्ल्याचं राहू द्या, पण ह्या जातीची हत्यारं सहसा कशी चालतात? टोळीची पब्लिक की व्हायरसच्या पोटातच बसवलेली असते. बाहेरून काही मागवायचं नाही, मेलवर विसंबायचं नाही. फायली त्या कुलपानं बंद होतात आणि किल्ली फक्त टोळीकडे. कीची देवाणघेवाण इतकी काळजीपूर्वक करणारा दुसरा व्यवसाय माझ्या पाहण्यात नाही.

काकांच्या कारखान्यासाठी आम्ही गेल्या महिन्यात की बनवली. प्रायव्हेट की त्यांच्याच टोकनवर, टोकन त्यांच्याच तिजोरीत. खूण कुठे छापायची यावर वाद झाला. चलनबुकं नुकतीच छापून आली होती, ती फुकट घालवायला ते तयार नव्हते. “शिक्का करून घेऊ,” ते म्हणाले. चिंचवड स्टेशनजवळच्या रबरी शिक्केवाल्याकडे मी कागद घेऊन गेलो. त्यानं चष्मा वर करून चाळीस अक्षरं मोजली, हे कुठलं लायसन म्हणून विचारलं, आणि म्हणाला, दोन ओळींत बसवतो, वीस-वीस. पण एकही अक्षर चुकता कामा नये ना? मग इथे उभे राहा, मी मोठ्यानं वाचतो, तुम्ही तुमच्याकडचं बघा.